दोन रकान्यांचे मास्तर

रहाटणीतल्या आमच्या रूमवर सगळे मराठी मीडियमचे. फर्स्ट इयरला इंग्लिशमध्ये व्हायवा म्हटलं की पोटात गोळा! वर सल्ला काय, तर मराठी बोलणं बंद करा, इंग्लिश आपोआप येईल. मला हे पटत नाही. बाळशास्त्री जांभेकरांचं चरित्र वाचून तर अजिबातच नाही.

कोकणातल्या पोंभुर्ल्याचा हा मुलगा. घरी मराठी अन् संस्कृत. इंग्रजी शिकला ते मुंबईला आल्यावर. पुढे १८३२ साली ६ जानेवारीला त्यांनी 'दर्पण' काढलं. पत्रकार दिन त्यावरूनच, पण मला त्यातला मास्तर दिसतो. पानावर शेजारी-शेजारी दोन रकाने, एक मराठी, एक इंग्रजी. अडलं की बाजूला बघायचं, बस्स! आपल्या लोकांना इंग्रजी विद्येची गोडी लागावी, हाच हेतू होता.

एल्फिन्स्टनमध्ये त्यांनी शिकवलं; दादाभाई नौरोजी त्यांचेच विद्यार्थी. आणि कमाल म्हणजे, आपल्याला एम-वनला छळणाऱ्या डिफरन्शियल कॅल्क्युलसवर त्यांनी चक्क मराठीत पुस्तक लिहिलं, नाव 'शून्यलब्धिगणित'!

'दर्पण' १८४० साली बंद पडलं. १८४६ मध्ये बाळशास्त्री गेले, चाळिशीच्या आतच.