दिवा दिसू नये, उजेड दिसावा

बालमित्रांनो, ‘दिव्याखाली अंधार’ ही म्हण तुम्हाला ठाऊक आहे. आज आम्ही तुम्हाला अशा माणसाची ओळख करून देणार आहोत, ज्यांनी दिव्याखाली चांगला उजेड पडावा म्हणून आयुष्यभर धडपड केली. त्यांचे नाव पॉल हेनिंगसेन. डेन्मार्कमध्ये ते ‘पीएच’ या आद्याक्षरांनीच ओळखले जातात.

पॉल यांचा जन्म ९ सप्टेंबर १८९४ रोजी कोपनहेगनजवळ ओर्ड्रुप येथे झाला. आई आग्नेस हेनिंगसेन या लेखिका होत्या. पॉल यांचे लहानपण रॉकेलच्या दिव्यांच्या उजेडात गेले. तुमच्या आजी-आजोबांनी गावाकडे कंदिलाजवळ बसून अभ्यास केला असेल, तर त्यांना विचारा. तो उजेड थोडा असे, पण डोळ्यांना खुपत नसे.

मग विजेचे दिवे आले. उजेड वाढला, पण उघडा बल्ब इतका झगझगीत असे की डोळे दिपून जात आणि बाकीची खोली उलट अंधारी वाटे. वीज नको, असे पॉल यांनी म्हटले नाही. विजेला कंदिलाचा मऊपणा कसा देता येईल, याचा विचार त्यांनी केला. अठराव्या वर्षापासूनच ते उजेडाचे प्रयोग करू लागले. वास्तुशास्त्राचे शिक्षण त्यांनी घेतले, पण पदवी मिळवली नाही.

१९२५ साली पॅरिसच्या प्रदर्शनात त्यांच्या दिव्याला सुवर्णपदक मिळाले. १९२६ साली लुई पोल्सन या कंपनीबरोबर त्यांनी तीन शेडचा दिवा तयार केला. मोठी शेड वर, तिच्याहून लहान मध्ये आणि सर्वांत लहान खाली. शेडचा बाक गोगलगायीच्या शंखासारख्या वळणावरून घेतलेला होता. या वळणाची गंमत अशी, की मधल्या बल्बचा किरण शेडवर कुठेही पडला तरी एकाच कोनात पडतो. त्यामुळे उजेड टेबलावर सारखा पसरतो आणि बल्ब डोळ्यांसमोर येत नाही.

१९४० साली जर्मनीने डेन्मार्क व्यापला. विमानांच्या भीतीने रात्री सगळीकडे अंधार ठेवावा लागे. १९४१ साली पॉल कोपनहेगनच्या तिवोली बागेचे मुख्य वास्तुशिल्पी झाले. दिव्यांच्या रोषणाईसाठी प्रसिद्ध असलेल्या बागेने आता काय करायचे? पॉल यांनी असा दिवा बनवला, की ज्याचा उजेड फक्त खाली पडेल आणि वरून विमानाला दिसणार नाही. त्यामुळे युद्धाच्या काळातही तिवोली मध्यरात्रीपर्यंत उघडी राहू शकली.

पॉल नाझींविरुद्ध स्पष्ट बोलत. १९४३ साली डेन्मार्कमधील ज्यूंची धरपकड सुरू झाली, तेव्हा ज्यू घराण्यातील वास्तुशिल्पी आर्ने याकोबसेन यांच्याबरोबर ते देशाबाहेर पडले. दोघांच्या पत्नीही सोबत होत्या. एका लहानशा वल्ह्याच्या होडीतून समुद्र ओलांडून त्यांनी स्वीडन गाठले.

१९५८ साली त्यांनी ‘पीएच ५’ हा दिवा केला. त्याची रुंदी ५० सेंटिमीटर, म्हणून नावात ५. कारखानदार बल्बचा आकार वारंवार बदलत, म्हणून कोणताही बल्ब बसवला तरी डोळ्यांना त्रास होऊ नये अशी त्याची रचना आहे. त्याच वर्षी तांब्याच्या ७२ पानांचा ‘आर्टिचोक’ हा दिवाही तयार झाला. कोणत्याही बाजूने पाहिले तरी त्याचा बल्ब दिसत नाही. ३१ जानेवारी १९६७ रोजी पॉल यांचे निधन झाले. त्यांचे दिवे आजही बनतात आणि घराघरांत लागतात.

आता तुमचे काम. आज रात्री जेवायला बसलात, की वरच्या दिव्याकडे पाहा. बल्ब डोळ्यांवर येतो का? समोर बसलेल्या आईचा किंवा बाबांचा चेहरा नीट दिसतो का? दिव्याचे चित्र काढा, त्याखाली मराठीत पाच वाक्ये लिहा आणि पुढच्या वर्गाला घेऊन या. पालकांनी शब्द सुचवावेत, वाक्ये मात्र मुलांनाच करू द्यावीत!