कर्मवीर भाऊराव पाटील : मूठभर धान्यावर उभी राहिलेली शाळा

भाऊराव पाटलांचा जन्म २२ सप्टेंबर १८८७ रोजी कोल्हापूरजवळच्या कुंभोज गावी झाला. त्यांना स्वतःला मॅट्रिकही होता आलं नाही. पण गरिबाघरची मुलं शिकावीत म्हणून १९१९ मध्ये त्यांनी काले इथे रयत शिक्षण संस्था सुरू केली. १९२४ पासून साताऱ्याच्या वसतिगृहात सगळ्या जातींची मुलं एकत्र राहू-जेवू लागली. लोक घरटी मूठभर धान्य द्यायचे, मुलंही कष्ट करून शिकायची. तरीही कधी कोठी रिकामी व्हायची. अशा वेळी पत्नी लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने, शेवटी मंगळसूत्रही मोडलं. १९३० मध्ये त्या गेल्या. भाऊरावांचं निधन ९ मे १९५९ रोजी झालं. आज अहिल्यानगर जिल्ह्यात कोपरगाव, श्रीरामपूरलाही रयतची कॉलेजं आहेत.