शिक्षा झाली म्हणजे संपलं का?

सेमिस्टरचा निकाल लागला की आमच्या उस्मानपुऱ्यातल्या होस्टेलवर दोन प्रकारची पोरं दिसतात. केटी लागली म्हणून पांघरूण ओढून पडलेली आणि रिव्हॅल्युएशनचा फॉर्म कुठे मिळतो ते विचारत फिरणारी. मागच्या सुट्टीत गावी गेलो, तेव्हा आमचं अख्खं घर पहिल्या प्रकारात होतं. बांधाच्या भांडणात काकांना मॅजिस्ट्रेटने एक वर्षाची शिक्षा सुनावली होती. अपिलासाठी जामीन मिळाला होता, पण घरात सगळ्यांनी धरूनच चाललं होतं की आता संपलं. निकालाला बारा दिवस होऊन गेले होते.

परत आल्यावर लायब्ररीतून लोकमान्य टिळकांचं चरित्र आणलं. शाळेत आपण शेंगांची टरफलं आणि मंडाले यापलीकडे जात नाही. पण मित्रांनो, टिळक एलएल.बी. होते आणि कोर्टाची प्रत्येक पायरी त्यांनी स्वतः झिजवली होती.

1897 साली त्यांना राजद्रोहाबद्दल दीड वर्षाची सक्तमजुरी झाली. ज्यूरीचे सहा जण विरुद्ध, तीन बाजूने. लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलने अपिलाला परवानगी नाकारली. मग मॅक्सम्युल्लरसारख्या विद्वानांनी दयेचा अर्ज केला आणि सप्टेंबर 1898 मध्ये मुदतीआधी, अटींवर सुटका झाली. म्हणजे अपिलाचं दार बंद झालं तरी दयेचं दार वेगळं असतं.

मला खरा धक्का बसला तो ताई महाराज प्रकरणात, कारण त्याचं मूळ आपल्याच शहरात आहे! टिळकांचे मित्र बाबा महाराज पंडित ऑगस्ट 1897 मध्ये वारले. मृत्युपत्राने टिळक विश्वस्त झाले. जून 1901 मध्ये बाबा महाराजांच्या विधवा ताई महाराजांना घेऊन टिळक आणि दादासाहेब खापर्डे औरंगाबादला आले आणि इथे जगन्नाथ नावाचा मुलगा दत्तक घेतला गेला. पुढे ताई महाराजांनी हे दत्तकविधान झालंच नाही असं सांगितलं. टिळकांनी तर ते झालं असं शपथेवर सांगितलं होतं. झालं! खोटी साक्ष दिल्याचा खटला टिळकांवरच उभा राहिला.

ऑगस्ट 1903 मध्ये मॅजिस्ट्रेटने दीड वर्ष सक्तमजुरी आणि हजार रुपये दंड ठोठावला. विचार करा, राजद्रोहाची शिक्षा लोकांनी डोक्यावर घेतली असती, पण ही शिक्षा खोटारडेपणाची! टिळक सेशन्स कोर्टात अपिलात गेले. जानेवारी 1904 मध्ये तिथे शिक्षा सहा महिन्यांवर आली, पण डाग तसाच राहिला. बऱ्याच जणांनी एवढ्यावर समाधान मानलं असतं. टिळक हायकोर्टात गेले आणि मार्च 1904 मध्ये निर्दोष सुटले. दत्तकाचा दिवाणी दावा मात्र चालूच होता. 1906 साली निकाल बाजूने, 1910 साली हायकोर्टात विरुद्ध. तेव्हा टिळक मंडालेच्या तुरुंगात होते. 1908 च्या राजद्रोहाच्या शिक्षेविरुद्धही प्रिव्ही कौन्सिलने दाद दिली नव्हती. पण 1915 मध्ये त्याच प्रिव्ही कौन्सिलने औरंगाबादचं दत्तकविधान खरं मानलं. चौदा वर्षांनी! 1 ऑगस्ट 1920 ला लोकमान्य गेले, पण खोटेपणाचा तो डाग त्यांनी जिवंतपणीच पुसून टाकला होता.

हे वाचून मी एका वकिलांना गाठलं. त्यांनी सांगितलेलं थोडक्यात देतो, कधी कुणाच्या उपयोगी पडेल. मॅजिस्ट्रेटच्या शिक्षेविरुद्ध सेशन्स कोर्टात 30 दिवसांत अपील करायचं. सेशन्सच्या शिक्षेविरुद्ध हायकोर्टात 60 दिवसांत. उशीर झाला तर सबळ कारण देऊन माफी मागता येते. अपील नामंजूर झालं तर हायकोर्टात रिव्हिजन. अपील चालू असताना शिक्षेला स्थगिती आणि जामीन मागता येतो. कैदेची शिक्षा झाली तर निकालाची प्रत ताबडतोब आणि फुकट मिळते. वकील परवडत नसेल तर विधी सेवा प्राधिकरण वकील देतं, आणि तुरुंगातल्या माणसाला तर त्यासाठी उत्पन्नाची अटही नाही. शेवटी राज्यपाल आणि राष्ट्रपतींकडे दयेचा अर्ज आहेच. टिळकांना मुंबई गाठावी लागली, आपल्याकडे 1981 पासून हायकोर्टाचं खंडपीठ इथेच आहे.

अर्थात, अपील केलं की माणूस सुटतोच असं नाही. टिळकही दोनदा हरले. पण तारीख चुकवली तर खरं असूनही हरतो.

त्या रात्री वडिलांना फोन केला आणि आधी तारीख मोजायला लावली. सव्विसाव्या दिवशी काकांचं अपील दाखल झालं. निकाल अजून लागायचाय. पण काका परत बांधावर जाऊ लागलेत, आणि आजी आता पुढची तारीख कॅलेंडरवर स्वतः लिहून ठेवते.