यंत्रात हात गेला तर पगार कोण देणार? १८८४ मध्ये हे विचारणारे नारायण मेघाजी लोखंडे

डहाणू-तलासरीकडे घराच्या पडवीत किंवा मागच्या शेडमध्ये फर्निचरचं काम करणारा माणूस डोळ्यांसमोर आणा. त्याच्याकडे रेडियल आर्म सॉ आहे. म्हणजे टेबलावर एक आडवा दांडा, त्या दांड्यावर मागे-पुढे सरकणारी मोटर आणि मोटरला लावलेलं गोल पातं. लाकूड जागेवर राहतं आणि पातं आपण स्वतःकडे ओढतो.

गडबड इथेच आहे. पात्याचे दात फिरताना लाकडात स्वतःहून घुसायला बघतात. त्यामुळे आपण ओढायच्या आतच कधीकधी मोटर धडाधड आपल्या अंगावर चालून येते. हाताने मागे रेटून धरली नाही तर पातं ठरल्यापेक्षा लवकर पोहोचतं, आणि दुसरा हात वाटेत असेल तर तोही कापला जातो.

असा अपघात झाला, महिनाभर काम बंद पडलं, तर त्या महिन्याचे पैसे कोणी द्यायचे?

हा प्रश्न आपल्याकडे जाहीरपणे आणि लेखी मांडला तो नारायण मेघाजी लोखंडे यांनी. आपण त्यांना रविवारच्या सुट्टीमुळे ओळखतो. दर १० जूनला व्हॉट्सअ‍ॅपवर त्यांचा फोटो फिरतो. पण त्यांच्या मागण्यांच्या यादीतली ही दुसरी गोष्ट कोणी फॉरवर्ड करत नाही.

लोखंडे ठाण्याचे. २०१४ मध्ये पालघर वेगळा होईपर्यंत डहाणू आणि तलासरी ज्या जिल्ह्यात होते, त्याच ठाण्याचे. जन्म १८४८ सालचा, घर साधं. जेमतेम शिक्षण घेऊन ते नोकरीला लागले आणि पुढे मुंबईच्या एका कापड गिरणीत स्टोअरकीपर झाले. पगार बरा होता, खुर्चीतलं काम होतं. गप्प बसले असते तरी चाललं असतं.

पण स्टोअरमधून गिरणी रोज दिसायची. वाफेचं एकच मोठं इंजिन, त्यातून छताखाली फिरणारे लांब दांडे आणि प्रत्येक यंत्राकडे उतरलेले चामड्याचे पट्टे. धोतराचं टोक किंवा लुगड्याचा पदर पट्ट्यात अडकला की माणूस आत ओढला जायचा. तेव्हा विजेचे दिवे नव्हते, त्यामुळे काम उजाडल्यापासून अंधारेपर्यंत. थकलेल्या हातांचा अंदाज चुकतो, हे सांगायला तज्ज्ञ लागत नाही.

१८८१ मध्ये इंग्रज सरकारने पहिला फॅक्टरी कायदा केला. धोकादायक यंत्रांना कुंपण घाला, असं त्यात होतं. पण हा कायदा शंभर किंवा त्याहून जास्त कामगार असलेल्या कारखान्यांनाच लागू होता. शिवाय त्यातली तासांची मर्यादा आणि सुट्टी मुलांपुरती होती. मोठ्यांसाठी काहीच नाही.

लोखंडे तोवर जोतिराव फुल्यांच्या सत्यशोधक चळवळीत आले होते आणि १८८० पासून ‘दीनबंधु’ हे वृत्तपत्र चालवत होते. सप्टेंबर १८८४ मध्ये त्यांनी परळला कामगारांच्या सभा घेतल्या आणि एक निवेदन तयार केलं. त्यावर साडेपाच हजार कामगारांच्या सह्या होत्या. बहुतेकांना लिहिता-वाचता येत नव्हतं, हे लक्षात घ्या.

मागण्या साध्या होत्या. आठवड्याला एक सुट्टी. दुपारी अर्धा तास विश्रांती. कामाचे तास सकाळी साडेसहा ते सूर्यास्त. पगार पुढच्या महिन्याच्या १५ तारखेच्या आत. आणि पाचवी मागणी अशी की, कामावर गंभीर जखम झालेल्या माणसाला बरा होईपर्यंत पूर्ण पगार मिळावा, आणि तो कायमचा जायबंदी झाला तर त्याच्या पोटापाण्याची सोय व्हावी.

ही पाचवी मागणी मला सगळ्यात धाडसी वाटते. सुट्टीसाठी मालकाला एक दिवस गिरणी बंद ठेवावी लागते. पण भरपाई द्यायची तर अपघाताची जबाबदारी माझी, हे मान्य करावं लागतं. तोवर हात गेला तर ते कामगाराचं नशीब होतं.

सुट्टीसाठी आणखी सहा वर्षं गेली. २४ एप्रिल १८९० ला मुंबईत सुमारे दहा हजार कामगारांची सभा झाली. तिथे दोन कामगार बायका बोलल्या. त्या काळात ही मोठीच गोष्ट. १० जून १८९० ला गिरणीमालकांनी आठवड्याची सुट्टी मान्य केली. त्याच वर्षी सरकारने नेमलेल्या फॅक्टरी कमिशनच्या कामात लोखंड्यांनाही घेतलं गेलं आणि १८९१ च्या नव्या कायद्यात साप्ताहिक सुट्टी, दुपारची विश्रांती आली.

भरपाई मात्र आली नाही. मुंबईत प्लेग पसरला तेव्हा लोखंडे रोग्यांच्या मदतीला उतरले आणि त्यातच ९ फेब्रुवारी १८९७ ला गेले. वय पन्नासच्या आतच. कामगार भरपाई कायदा १९२३ मध्ये झाला, म्हणजे ती मागणी लिहिल्यानंतर ३९ वर्षांनी.

आता परत आपल्या पडवीत येऊ. डहाणू तालुका १९९१ पासून पर्यावरणदृष्ट्या नाजूक म्हणून जाहीर आहे, त्यामुळे मोठ्या कारखान्यांवर बंधनं आहेत. तलासरीची माणसं हद्दीपलीकडे गुजरातच्या उमरगाम एमआयडीसीसारख्या वसाहतीत, म्हणजे तिकडच्या जीआयडीसीत, कामाला जातात. तिथे कारखान्यांसाठीचा कायदा लागू असतो. पण घरच्या शेडमध्ये मालक तुम्ही, कामगारही तुम्हीच. तपासणीला कोणी येत नाही आणि भरपाईचा अर्ज करायचा तर कोणाकडे?

म्हणून १८८१ च्या कायद्यातलं कुंपण इथे स्वतःच घालावं लागतं. पात्यावरचं गार्ड अडचण होते म्हणून काढून ठेवू नका. मोटर ओढताना कोपर ताठ ठेवा, म्हणजे ती अंगावर धावली तरी हात तिला अडवेल. लाकूड धरणारा हात पात्याच्या वाटेपासून किमान सहा इंच लांब हवा. तुकडा त्याहून छोटा असेल तर तो क्लॅम्पने धरा. हात एकमेकांवरून आडवे नेऊ नका. काप झाला की मोटर मागे ढकला, बंद करा आणि पातं पूर्ण थांबेपर्यंत भुसा झाडायला हात घालू नका. हातमोजे नकोत, लांब बाही नको. कारण तेच, जे गिरणीत धोतराचं व्हायचं. पातं बदलताना नुसतं बटण बंद करून भागत नाही, प्लग काढा.

आणि दिवसभर राबून डोळे मिटायला लागले असतील तर उरलेली फळी उद्या कापा.