उत्तर चुकले, प्रश्न अचूक होता

ऑक्टोबर १९६८ मध्ये वैद्यकशास्त्राचे नोबेल पारितोषिक हरगोविंद खुराणा, मार्शल नीरेनबर्ग आणि रॉबर्ट हॉली या तिघांना जाहीर झाले. पेशीत प्रथिने ज्या जनुकीय संकेतानुसार घडतात, तो संकेत उलगडल्याबद्दलचा हा सन्मान होता. हा संकेत म्हणजे आकडेमोडीने हात घालता येईल असे एक कोडे आहे, हे पंधरा वर्षे आधी हिरिरीने मांडणारे जॉर्ज गॅमॉव्ह मात्र तेव्हा हयात नव्हते. जेमतेम दोन महिने आधी, १९ ऑगस्ट रोजी, अमेरिकेतील बोल्डर येथे त्यांचे निधन झाले होते. ते जीवशास्त्रज्ञ नव्हते आणि त्यांनी सुचवलेले उत्तरही साफ चुकले होते. तरीही जनुकीय संकेताच्या इतिहासात त्यांचे नाव अगदी सुरुवातीलाच घ्यावे लागते.

गॅमॉव्ह यांचा जन्म ४ मार्च १९०४ रोजी काळ्या समुद्राकाठच्या ओडेसा शहरात झाला. हे शहर तेव्हा रशियन साम्राज्यात होते, आज ते युक्रेनमध्ये आहे. आई-वडील दोघेही शिक्षक. आई ते नऊ वर्षांचे असतानाच वारली. वडिलांनी दिलेल्या सूक्ष्मदर्शकाखाली त्यांनी चर्चमधील प्रसादाचा पाव आणि घरचा साधा पाव शेजारी शेजारी ठेवून तपासला. दोन्ही सारखेच दिसले. आपल्यातला वैज्ञानिक त्या दिवशी जन्मला, असे ते पुढे मानत.

लेनिनग्राडमध्ये शिकत असताना त्यांना विश्वाच्या प्रसरणाचे गणित मांडणारे अलेक्झांडर फ्रीडमन हे शिक्षक म्हणून लाभले. १९२८ मध्ये जर्मनीतील गटिंगन येथे, वयाच्या चोविसाव्या वर्षी, त्यांनी अणुकेंद्रातून अल्फा कण बाहेर कसा पडतो याचे पुंजयांत्रिकीवर आधारित स्पष्टीकरण दिले. पाठोपाठ कोपनहेगनला नील्स बोर आणि केंब्रिजला अर्नेस्ट रदरफर्ड यांच्याकडे काम करण्याची संधी मिळाली. १९३१ मध्ये मायदेशी परतल्यावर मात्र सोव्हिएत राजवटीने त्यांना पुन्हा परदेशी जाण्याची परवानगी नाकारली. १९३२ मध्ये पत्नीसह एका लहानशा वल्ह्याच्या नावेतून काळा समुद्र ओलांडून तुर्कस्तान गाठण्याचा त्यांनी प्रयत्न केला, पण वादळाने नाव परत किनाऱ्याला आणली. अखेर १९३३ मध्ये ब्रुसेल्सच्या सॉल्व्हे परिषदेसाठी दोघांनाही पारपत्र मिळाले आणि ते परतलेच नाहीत. १९३४ पासून वॉशिंग्टनमधील जॉर्ज वॉशिंग्टन विद्यापीठ हे त्यांचे कार्यक्षेत्र झाले. विश्वाच्या आरंभी मूलद्रव्ये कशी घडली असावीत, याविषयीचा राल्फ अल्फर यांच्यासह लिहिलेला त्यांचा शोधनिबंध १९४८ मध्ये प्रसिद्ध झाला. महास्फोटाच्या सिद्धांतातील तो महत्त्वाचा टप्पा ठरला.

एप्रिल १९५३ मध्ये जेम्स वॉटसन आणि फ्रान्सिस क्रिक यांनी डीएनएची दुपेडी गोफासारखी रचना प्रसिद्ध केली. पाठोपाठचा त्यांचा दुसरा लेख वाचून गॅमॉव्ह यांनी जुलैत या दोघांना पत्र लिहिले. डीएनए चार प्रकारच्या घटकांनी, म्हणजे जणू चार अक्षरांनी लिहिलेला असतो. प्रथिने मात्र सुमारे वीस प्रकारच्या अमिनो आम्लांच्या साखळ्या असतात. मग चार अक्षरांतून वीस शब्द कसे साधतात? एकेका अक्षराने चारच शब्द होतात, दोन-दोन अक्षरांचे सोळा आणि तीन-तीन अक्षरांचे चौसष्ट. म्हणजे प्रत्येक शब्दाला किमान तीन अक्षरे लागणार.

गॅमॉव्ह इथेच थांबले नाहीत. फेब्रुवारी १९५४ मध्ये नेचर या नियतकालिकात त्यांनी आपले उत्तरही मांडले. डीएनएच्या गोफात चार घटकांच्या मधोमध चौकटच्या आकाराची पोकळी तयार होते. अशा पोकळ्यांचे प्रकार मोजले तर ते नेमके वीस भरतात. कुलपात किल्ली बसावी तसे प्रत्येक अमिनो आम्ल आपापल्या पोकळीत बसत असावे, अशी ही कल्पना होती. अमिनो आम्लाचा आकार आणि त्याचा संकेत यांत थेट नाते आहे, हा तिचा गाभा.

गॅमॉव्ह यांच्या अमिनो आम्लांच्या यादीत काही नावे चुकली होती. वॉटसन आणि क्रिक यांनी ती केंब्रिजमध्ये बसून नव्याने केली. त्यांची यादीही विसावरच थांबली आणि पुढे तीच प्रमाण ठरली. १९५४ मध्ये गॅमॉव्ह यांनी वॉटसन यांच्यासह आरएनए टाय क्लब स्थापन केला. सभासद वीस, प्रत्येकाला एका अमिनो आम्लाचे नाव. गॅमॉव्ह अ‍ॅलॅनीन, वॉटसन प्रोलीन, क्रिक टायरोसीन. प्रत्येकासाठी गोफाचे नक्षीकाम केलेला लोकरी टाय. प्रकार गमतीचा होता, पण भौतिकशास्त्रज्ञ, रसायनशास्त्रज्ञ आणि जीवशास्त्रज्ञ त्यामुळे एकाच प्रश्नावर विचार करू लागले.

गॅमॉव्ह यांच्या कल्पनेवरचा पहिला मोठा घावही याच क्लबात पडला. १९५५ मध्ये क्रिक यांनी सभासदांसाठी एक टिपण लिहिले. काही अमिनो आम्लांना पाणी जवळचे, काहींना नकोसे. इतक्या भिन्न गुणांच्या रेणूंना ओळखतील असे साचे डीएनएत दिसत नाहीत. तेव्हा संकेत आणि अमिनो आम्ल यांना जोडणारा एखादा मध्यस्थ रेणू असला पाहिजे, असा त्यांचा तर्क होता. काही वर्षांतच तसा रेणू सापडला. गॅमॉव्ह यांच्या आराखड्यात शेजारचे शब्द एकमेकांत गुंतलेले होते. तसे असणे अशक्य आहे, हे १९५७ मध्ये सिडनी ब्रेनर यांनी दाखवले. १९६१ मध्ये नीरेनबर्ग आणि हाइनरिक मथाई यांनी प्रयोगशाळेत पहिला शब्द वाचला. आरएनएतील यू हे अक्षर तीनदा आले की फिनाइलअ‍ॅलॅनीन. दोघांपैकी एकही क्लबचा सभासद नव्हता. १९६६ पर्यंत चौसष्टही शब्दांचे अर्थ लागले. ६१ शब्द अमिनो आम्लांचे, तर तीन पूर्णविरामाचे.

कुलूप-किल्लीची कल्पना अशी निकालात निघाली. संकेत आणि अमिनो आम्लांचे गुणधर्म यांत नाते असावे, हा गॅमॉव्ह यांचा कयास मात्र सर्वस्वी वाया गेला नाही. चौसष्ट शब्दांचा तक्ता समोर ठेवला की त्यात एक शिस्त दिसते. ज्या शब्दांचे मधले अक्षर यू आहे, ते सारे पाणी टाळणाऱ्या अमिनो आम्लांचे आहेत. तिसरे अक्षर चुकले तर पुष्कळदा अर्थ बदलतच नाही. बदललाच तरी अनेकदा मिळत्याजुळत्या गुणांचे अमिनो आम्ल येते आणि प्रथिनाची घडी फारशी विस्कटत नाही.

मधले अक्षर चुकले की काय होते, हे महाराष्ट्राला वेगळे सांगायला नको. विदर्भातील अनेक कुटुंबांना परिचित असलेला सिकल सेल हा आजार अशाच एका अक्षराचा परिणाम आहे. जीएजी या शब्दाच्या जागी जीयूजी येतो आणि हिमोग्लोबिनच्या एका साखळीत सहाव्या स्थानी पाण्याशी सख्य असलेल्या ग्लुटामिक आम्लाऐवजी पाणी टाळणारे व्हॅलीन बसते. प्राणवायू कमी पडला की हे रेणू एकमेकांना चिकटतात आणि लाल पेशी विळ्यासारखी वाकते.

गॅमॉव्ह १९५६ मध्ये कोलोरॅडो विद्यापीठात गेले. सामान्य वाचकांसाठी लिहिलेल्या विज्ञानविषयक पुस्तकांमुळे त्यांना त्याच वर्षी युनेस्कोचा कलिंग पुरस्कार मिळाला. ओडिशाचे बिजू पटनायक यांच्या देणगीतून सुरू झालेला हा पुरस्कार पुढे १९९६ मध्ये जयंत नारळीकर यांनाही लाभला. महास्फोटाच्या सिद्धांताबाबत या दोघांची मते परस्परविरोधी, हा त्यातला योगायोग.

अल्फा कण, विश्वाचा आरंभ आणि जनुकीय संकेत या तिन्ही क्षेत्रांत वाट दाखवणाऱ्या या शास्त्रज्ञाच्या वाट्याला नोबेल कधीच आले नाही. अखेरच्या काळात यकृताच्या विकाराने त्यांना ग्रासले होते. आपला आराखडा चुकल्याचे त्यांनी हयातीतच पाहिले, आणि कोडे पूर्ण सुटल्याचेही. चुकीचे ठरण्याची भीती बाळगून ते गप्प राहिले असते, तर तो प्रश्न इतक्या लवकर आणि इतक्या नेमक्या शब्दांत कोणी विचारला असता, हे सांगणे कठीण आहे.