शल्यतंत्राचे आचार्य सुश्रुत आणि बालकांचा अश्मरीरोग

भारतीय वैद्यकाच्या इतिहासात चरक आणि सुश्रुत ही दोन नावे जोडीनेच उच्चारली जातात. चरकांचा अधिकार औषधोपचारात, तर सुश्रुतांचा शस्त्रकर्मात. सुश्रुतांचे नाव निघाले की बहुतेकांना तुटलेले नाक नव्याने घडविण्याची त्यांची क्रिया आठवते. १७९४ साली लंडनच्या ‘जंटलमन्स मॅगझिन’ या मासिकात पुण्याजवळ एका देशी कारागिराने केलेल्या अशाच क्रियेची हकीकत प्रसिद्ध झाली आणि युरोपातील शल्यवैद्य चकित झाले. या कीर्तीच्या प्रकाशात सुश्रुतांचे दुसरे एक कार्य काहीसे झाकोळून गेले आहे. लहान मुलांच्या मूत्रमार्गाच्या विकारांवर त्यांनी सांगितलेली शस्त्रचिकित्सा हे ते कार्य होय. आईबापांनी मोठ्या विश्वासाने हाती दिलेल्या बालकावर शस्त्र केव्हा चालवावे, कसे चालवावे आणि केव्हा मुळीच चालवू नये, याचा इतका सूक्ष्म विचार प्राचीन जगात फार थोड्या ठिकाणी आढळतो.

गुरुगृही

सुश्रुतांच्या चरित्राची सामग्री अल्प आहे. जी आहे ती मुख्यतः त्यांच्या संहितेतूनच हाती येते. ते विश्वामित्रांचे पुत्र, अशी परंपरा आहे. काशीचे राजे दिवोदास हे धन्वंतरींचे अवतार मानले जात. राज्यकारभारातून निवृत्त होऊन ते वानप्रस्थाश्रमात राहत असता औपधेनव, वैतरण, औरभ्र, पौष्कलावत, करवीर्य, गोपुररक्षित आदी शिष्य त्यांच्याकडे आले. सुश्रुतही त्यांतच होते. नाना व्याधींनी गांजलेली माणसे, आप्तस्वकीय असूनही, अनाथासारखी तळमळताना आपण पाहतो आणि ते दुःख आम्हांला सहन होत नाही, असे या तरुणांनी गुरूंना सांगितले. कोणते अंग शिकवू, असे गुरूंनी विचारताच शल्यज्ञान हे मूळ धरून सर्व शिकवावे, अशी विनंती त्यांनी केली. आपल्या सर्वांच्या वतीने प्रश्न विचारण्यासाठी त्यांनी सुश्रुतांची निवड केली. गुरुशिष्यांच्या या संवादातूनच सुश्रुतसंहिता उभी राहिली आहे.

त्यांच्या काळाविषयी विद्वानांत एकमत नाही. संहितेचा मूळ भाग इसवी सनापूर्वीच्या काही शतकांतला असावा आणि पुढे त्यावर संस्कार होत गेले, असे सर्वसाधारणपणे मानले जाते. डल्हण या टीकाकाराने नागार्जुनाला संहितेचा प्रतिसंस्कर्ता म्हटले आहे. नेपाळात जपून ठेवलेली तिची एक ताडपत्री पोथी इ. स. ८७८ मधील आहे. आज उपलब्ध असलेल्या संहितेत पाच स्थानांचे १२० आणि उत्तरतंत्राचे ६६ असे एकूण १८६ अध्याय आहेत.

हाताचे शिक्षण

केवळ पाठांतरावर वैद्य घडतो, हे सुश्रुतांना मान्य नव्हते. शास्त्र जाणणारा पण हात न चाललेला वैद्य आणि हात चालणारा पण शास्त्र न जाणणारा वैद्य, हे दोघेही त्यांच्या मते एकाच पंखाच्या पक्ष्यासारखे होत. म्हणून त्यांनी शिष्यांसाठी अभ्यासाची पद्धत घालून दिली. कापण्याचा सराव कोहळा, दुधी, कलिंगड, काकडी अशा फळांवर करावा. फोडण्याचा सराव पाण्याने व चिखलाने भरलेल्या चामडी पिशव्यांवर. शिवण्याचा जाड कापडाच्या कडांवर. आणि पट्टी बांधण्याचा मातीच्या वा कापडाच्या बाहुल्यावर. शरीराची अंतर्रचना समजावी म्हणून मृतदेह गवतात गुंडाळून, पिंजऱ्यात घालून, वाहत्या प्रवाहात सात रात्री ठेवावा आणि मग वाळ्याच्या वा बांबूच्या कुंचल्याने एकेक थर अलगद दूर करून डोळ्यांनी पाहावा, असेही त्यांनी सांगितले. १०१ यंत्रे आणि २० शस्त्रे त्यांनी वर्णिली. परंतु या सर्व यंत्रांत प्रधान यंत्र म्हणजे वैद्याचा हात, हे नमूद करण्यास ते विसरले नाहीत.

बालकांचा मुतखडा

मूत्राशयात होणारा खडा म्हणजे अश्मरी. हा विकार विशेषेकरून बालकांना होतो, हे सुश्रुतांनी स्पष्ट लिहून ठेवले आहे. अवेळी व पुनःपुन्हा खाणे, जड व गोड पदार्थांची आवड, दिवसा झोपणे ही कारणे त्यांनी दिली. नव्या घागरीत भरलेले निर्मळ पाणीही काही काळाने तळाशी गाळ धरते, त्याचप्रमाणे मूत्राशयात खडा धरतो, असा घरगुती दृष्टान्त त्यांनी योजला. खड्यांची लक्षणे तर त्यांनी प्रत्यक्ष हातात घेऊन पाहिल्यासारखी वर्णिली आहेत. कफाचा खडा पांढरट, गुळगुळीत आणि मोठा. पित्ताचा तांबूस वा काळसर, बिब्ब्याच्या बीसारखा. वाताचा काळपट, कठीण आणि कदंबाच्या फुलासारखा काटेरी. वाताच्या खड्याचा रुग्ण दात खातो, बेंबीपाशी पोट दाबतो आणि मूत्रेंद्रिय हाताने चोळतो, हे निरीक्षण विशेष लक्षणीय आहे. बोलून दुखणे सांगू न शकणारे मूल लघवीच्या वेळी रडत इंद्रिय ओढू लागले की मूत्राशयात खडा असण्याची शंका आजचे डॉक्टरही घेतात.

अशा रुग्णावर प्रथम औषधोपचार करावा, असा सुश्रुतांचा दंडक आहे. वायवर्णा, गोखरू, पाषाणभेद इत्यादी वनस्पतींची सिद्ध घृते, क्षार आणि काढे त्यांनी सांगितले. खडा वाढला आणि औषधांनी गुण आला नाही, तरच शस्त्राचा विचार. कुशल वैद्यालाही या कर्मात यशाची खात्री देता येत नाही, असे त्यांनी निःसंकोचपणे लिहिले. शस्त्रकर्म न केले तर मृत्यू निश्चित, केले तर जगण्याविषयी संशय. म्हणून अधिकारी पुरुषाची अनुज्ञा घेऊनच शस्त्र हाती धरावे, असा त्यांचा आदेश आहे. आज शस्त्रक्रियेपूर्वी आईवडिलांना सर्व धोके समजावून त्यांची संमती घेतली जाते. त्यामागील भावना या आदेशाहून वेगळी नाही. ग्रीसमधील हिपोक्रॅटिसच्या शपथेने तर खड्यासाठी छेद घेण्याचे कर्म वैद्याला वर्ज्यच केले होते. सुश्रुतांनी ते कर्म टाळले नाही आणि त्यातील भयही लपविले नाही.

प्रत्यक्ष शस्त्रकर्म

या कर्मासाठी रुग्ण उपाशीपोटी असावा, असे त्यांनी सांगितले. रुग्णाला धीर द्यावा. गुडघ्याएवढ्या उंचीच्या फळीवर बसलेल्या बळकट व न डगमगणाऱ्या माणसाच्या मांडीवर त्याचे वरचे अंग टेकवावे, कंबर कापडाच्या उशीने उंचवावी, गुडघे व कोपर आखडून बांधावेत. नखे कापलेल्या डाव्या हाताची दोन बोटे तेल लावून गुदद्वारातून आत घालावीत आणि गुदद्वार व मूत्रेंद्रिय यांमधील भागात खडा गाठीसारखा वर दिसेपर्यंत आणावा. मधल्या शिवणीच्या डाव्या बाजूला, जवाच्या दाण्याएवढे अंतर राखून, खड्याच्या आकाराइतकाच छेद घ्यावा. मुलांचे मूत्राशय लहान असते आणि त्यावर मांसाचा थर फार नसतो; त्यामुळे खडा हाताला लागणे व काढणे सोपे जाते, हेही त्यांनी नोंदविले. खडा फुटू देऊ नये, कण मागे राहू देऊ नये. कारण उरलेला कण पुन्हा वाढतो.

मूत्रवाहिन्या, शुक्रवाहिन्या, वृषणाच्या वाहिन्या, शिवण, गुद, बस्ती यांसह आठ स्थाने जपलीच पाहिजेत, अन्यथा मृत्यू, नपुंसकत्व वा कायमची मूत्रगळती पदरी येते, असा इशारा त्यांनी दिला. खडा पकडताच रुग्णाचे डोळे स्थिर झाले, मान लुळी पडली, तर तेथेच थांबावे, पुढे जाऊ नये, ही सूचना विशेष मोलाची आहे. ईथरची भूल १८४६ साली आली. तिच्या कित्येक शतके आधी, वेदनेने किंचाळणाऱ्या मुलाच्या देहावर हात चालविताना कोठे थांबायचे हे ठरवून ठेवणे, यात वैद्याच्या मनाचा केवढा संयम आहे, याची कल्पना सहज करता येईल.

कर्म झाल्यावर रुग्णाला कोमट पाण्याच्या द्रोणीत बसवावे, म्हणजे मूत्राशयात रक्त साठत नाही. वड, पिंपळ, उंबर अशा चिकाळ वृक्षांच्या सालींच्या काढ्याने जखम धुवावी. पहिले तीन दिवस तूप घातलेली पेज, नंतर दहा दिवस दूध-गूळ-भात असा आहार द्यावा. सात रात्रींत लघवी नैसर्गिक मार्गाने होऊ लागली नाही, तर काय करावे, हेही सांगितले आहे. जखम भरल्यावर वर्षभर घोडेस्वारी, झाडावर वा डोंगरावर चढणे, पोहणे आणि जड अन्न वर्ज्य करावे. शस्त्र चालते ते काही क्षण. सुश्रुतांची काळजी मात्र वर्षभर रुग्णाच्या सोबत चालते.

मुलांमध्ये हमखास आढळणारा आणखी एक विकार त्यांनी निरुद्धप्रकश या नावाने वर्णिला. यात मूत्रेंद्रियाच्या अग्रावरील त्वचा आवळलेली असते आणि लघवीची धार बारीक पडते. यावर धातूची, लाकडाची वा लाखेची, दोन्हीकडे तोंड असलेली नळी तूप लावून आत बसवावी आणि दर तीन दिवसांनी अधिक जाड नळी वापरून मार्ग हळूहळू मोठा करावा, असा उपाय त्यांनी दिला. छेद घेणे भागच पडले, तर शिवण वाचवून घ्यावा. येथेही मृदू उपाय आधी आणि शस्त्र नंतर, हाच क्रम दिसतो.

सुश्रुतांचे सर्वच ज्ञान आज ग्राह्य आहे, असे मात्र नाही. मूत्र वृक्कांत तयार होते, हे त्यांना ज्ञात नव्हते. घागर पाण्यात बुडवून ठेवली असता ती जशी झिरपून भरते, तसे मूत्राशय भरते, अशी त्यांची कल्पना होती. परंतु एखाद्या थोर पुरुषाची थोरवी त्याच्या काळाच्या मर्यादांमुळे उणावत नाही.

विद्येचा प्रवास

सुश्रुतांची संहिता बगदादच्या खलिफांच्या काळात अरबी भाषेत गेली. येथे मात्र काळाच्या ओघात शस्त्रकर्माचा हात वैद्यांच्या घराण्यांतून सुटत गेला. ग्रंथ मुखोद्गत राहिला, क्रिया बहुधा अशिक्षित कारागिरांकडे उरली. सुश्रुतांनी ज्या एका पंखाच्या पक्ष्याची भीती बाळगली होती, तो असा प्रत्यक्षात आला. १८३५ च्या सुमारास कलकत्त्यात पंडित मधुसूदन गुप्त यांनी संहिता छापून प्रसिद्ध केली आणि त्यांनीच १८३६ साली तेथील वैद्यकीय महाविद्यालयात शवविच्छेदन केले. ग्रंथ व हात यांची ती पुनर्भेट म्हणावी लागेल. मुंबईत वैद्य यादवजी त्रिकमजी आचार्य यांनी डल्हणाच्या टीकेसह संपादिलेली आवृत्ती १९१५ साली निर्णयसागर छापखान्यातून निघाली आणि अभ्यासकांना विश्वसनीय पाठ मिळाला.

मुलांच्या खड्यावरील शस्त्रक्रियेलाही पुढे आपल्याच परिसरात नवे वळण मिळाले. खडा मूत्रमार्गातूनच आत फोडून बाहेर काढण्याची रीत १८७८ साली अमेरिकेतील बिगेलो यांनी रूढ केली. पण मुलांच्या अरुंद मार्गात ती चालणार नाही, असे अनेकांचे मत होते. होळकरांच्या इंदुरात रेसिडेन्सी सर्जन असलेले डेनिस कीगन यांनी १८८० च्या दशकात ती मुलांवर यशस्वीपणे करून दाखविली. छेदावाचून बालकाची सुटका होऊ लागली. सर रॉबर्ट मॅकॅरिसन यांनी कुन्नूर येथे उंदरांवर प्रयोग करून निकृष्ट आहार आणि मूत्राशयातील खडा यांचा संबंध दाखविला. खड्याचे मूळ आहारात शोधण्याची सुश्रुतांची दिशा अशा रीतीने निराळ्या अर्थाने खरी ठरली. आहार सुधारत गेला तसे मुलांच्या मूत्राशयातील खडे पुष्कळ घटले.

परळला १९२९ साली मुलांसाठी बाई जेरबाई वाडिया रुग्णालय सुरू झाले. अलिबाग, मुरूड, श्रीवर्धनकडील आईबापांना अवघड शस्त्रक्रियेसाठी मुंबई गाठणे हाच बहुधा मार्ग असे. २०२१ पासून अलिबागला शासकीय वैद्यकीय महाविद्यालय झाले आहे. आज सोनोग्राफीने बाळ पोटात असतानाच त्याच्या मूत्रमार्गातील अडथळा कळू शकतो आणि दुर्बिणीने तो दूरही करता येतो. तथापि बारीक धार, लघवी करताना रडणे, छिद्र जागेवर नसणे, वृषण खाली न उतरणे या गोष्टी संकोचामुळे घरातच दडपल्या गेल्या, तर अद्ययावत रुग्णालयही निरुपयोगी ठरते. लहान बाळाची अग्रत्वचा मागे न सरणे बहुधा स्वाभाविक असते. ती जोराने ओढू नये. धार मात्र बारीक वा थेंबथेंब पडत असेल, तर डॉक्टरांना दाखविण्यात विलंब करू नये.

रुग्ण आपल्या आईवडिलांविषयी, मुलांविषयीही शंका घेईल. परंतु वैद्याच्या हाती मात्र तो निःशंकपणे स्वतःला सोपवितो, म्हणून वैद्याने त्याला पुत्राप्रमाणे जपावे, अशी सुश्रुतांची शिकवण आहे. ज्याला आपले दुःख सांगताही येत नाही, अशा बालरुग्णाच्या बाबतीत तर ही शिकवण अक्षरशः लागू पडते. मुलाची तक्रार वेळीच ओळखणारे पालक, धोक्याची पूर्ण कल्पना देऊन मगच शस्त्र उचलणारा शल्यवैद्य आणि जखम भरेपर्यंत जपणारी परिचारिका यांच्या रूपाने आचार्य सुश्रुतांचे कार्य आजही चालू आहे. त्यांच्या स्मृतीस विनम्र अभिवादन!