वाऱ्याला वर्गात आणणारे शास्त्रज्ञ : पॉल ला कूर

डेन्मार्कच्या जटलँड द्वीपकल्पातील आस्कोव्ह या लहानशा खेड्यात १८९१ साली एका शाळेच्या आवारात पवनचक्की उभारण्यात आली. पवनचक्की ही त्या देशातील शेतकऱ्यांना नवी नव्हती. पिढ्यान्‌पिढ्या तिच्यावर धान्य दळले जात होते. मात्र या पवनचक्कीच्या खाली जाते नव्हते, तर वीज निर्माण करणारे डायनामो होते आणि ते बसविणारे गृहस्थ त्या शाळेत गणित व भौतिकशास्त्र शिकवीत होते. त्यांचे नाव पॉल ला कूर. पवनऊर्जेच्या इतिहासात त्यांची गणना आद्य संशोधकांत केली जाते. तथापि, खेड्यातील तरुणांना ऊर्जेचे शास्त्र आणि तंत्र हाताने काम करून शिकविणारे शिक्षक, ही त्यांची ओळखही तितकीच महत्त्वाची आहे.

ला कूर यांचा जन्म १३ एप्रिल १८४६ रोजी जटलँडमधील एबेलटॉफ्ट गावाजवळ एका शेतकरी कुटुंबात झाला. कोपनहेगन येथे त्यांनी भौतिकशास्त्र व हवामानशास्त्राचे उच्च शिक्षण घेतले. १८७२ साली डेन्मार्कची हवामानशास्त्र संस्था स्थापन झाली, तेव्हा तिच्या उभारणीत त्यांचा सहभाग होता. लवकरच ते या संस्थेचे उपसंचालक झाले. त्या वेळी त्यांचे वय तिशीच्या आतच होते.

याच काळात तारायंत्राच्या क्षेत्रात त्यांनी महत्त्वाचे शोध लावले. एकाच तारेतून एकाच वेळी अनेक संदेश पाठविता यावेत, यासाठी त्यांनी वेगवेगळ्या स्वरांत कंप पावणाऱ्या नादकाट्यांचा उपयोग केला. अमेरिकेतील संशोधक एलिशा ग्रे हेही त्याच सुमारास अशाच कल्पनेवर काम करीत होते. त्यामुळे अग्रहक्काचा वाद निर्माण झाला. पुढे नादकाट्याच्या कंपनांनुसार अचूक गतीने फिरणारे चाक ला कूर यांनी तयार केले. दूर अंतरावरील दोन यंत्रे एकाच लयीत चालविण्यासाठी हे चाक उपयोगी ठरले. राजधानीत राहून संशोधक म्हणून कीर्ती आणि कदाचित संपत्तीही मिळविण्याचा मार्ग त्यांच्यासमोर मोकळा होता.

राजधानीकडून खेड्याकडे

१८७८ साली मात्र ला कूर यांनी वेगळीच वाट धरली. हवामान संस्थेतील पद सोडून ते आस्कोव्ह येथील लोकविद्यालयात शिक्षक म्हणून दाखल झाले.

या निर्णयाचे महत्त्व समजण्यासाठी डेन्मार्कमधील लोकविद्यालयांची परंपरा लक्षात घ्यावी लागते. धर्मोपदेशक व विचारवंत एन. एफ. एस. ग्रुंटविग यांच्या प्रेरणेने १८४४ मध्ये रोडिंग येथे पहिले लोकविद्यालय सुरू झाले. शेतकऱ्यांच्या तरुण मुलांना मातृभाषा, इतिहास, गीते आणि नागरिकत्व यांचे शिक्षण द्यावे, त्यासाठी परीक्षा वा पदवी नसावी, असा या शाळांचा दंडक होता. १८६४ च्या युद्धात डेन्मार्कला श्लेस्विग प्रांत गमवावा लागला आणि रोडिंग परक्या सत्तेखाली गेले. त्यामुळे १८६५ साली नव्या सीमेच्या अलीकडे, आस्कोव्ह येथे हे कार्य पुन्हा सुरू करण्यात आले. लुडविग श्रोडर हे तेथील प्रमुख होते. १८७८ पासून या विद्यालयात अधिक प्रगत शिक्षणाचा विस्तारित अभ्यासक्रम सुरू झाला आणि त्यासाठीच ला कूर यांच्यासारख्या शास्त्रज्ञाची गरज होती.

काव्य, इतिहास आणि धर्म यांवर भर देणाऱ्या शाळेत विज्ञानाला स्थान कसे द्यावे, हा प्रश्न सोपा नव्हता. ला कूर यांनी त्याचे उत्तर इतिहासातच शोधले. गणितातील सिद्धान्त व भौतिकशास्त्रातील नियम तयार स्वरूपात न सांगता, ते मानवाला कोणत्या अडचणीतून व कोणत्या क्रमाने सापडले, हे ते विद्यार्थ्यांपुढे उलगडून दाखवीत. शोधाची वाट समजली की नियम पाठ करावा लागत नाही, हा त्यांच्या अध्यापनाचा गाभा होता. या पद्धतीवर आधारित गणिताचा ग्रंथ त्यांनी लिहिला. सहकारी शिक्षक याकोब अपेल यांच्यासमवेत लिहिलेल्या भौतिकशास्त्राच्या ग्रंथाचा पुढे जर्मन भाषेतही अनुवाद झाला. हे अपेल नंतर डेन्मार्कचे शिक्षणमंत्री झाले.

खेडी ओस पडू नयेत म्हणून

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस युरोपात उद्योग शहरांत एकवटू लागले होते. कारखान्यांत वाफेची इंजिने होती, रस्त्यांवर दिवे येत होते आणि १८९० नंतरच्या दशकात डेन्मार्कच्या मोठ्या शहरांत वीजकेंद्रेही सुरू झाली. खेड्यांत मात्र रॉकेलचे दिवे आणि माणसांचे व जनावरांचे श्रम एवढाच आधार होता. तरुण मंडळी शहराची वाट धरू लागली होती. शहरातील सोयी खेड्यात पोहोचल्या नाहीत, तर ग्रामीण कारागिरी आणि शेती दोन्ही कोलमडतील, अशी चिंता ला कूर यांना वाटत होती.

डेन्मार्ककडे स्वतःचा दगडी कोळसा नव्हता. वारा मात्र विपुल होता आणि तो शहरापेक्षा मोकळ्या माळावर अधिक वाहत होता. वाऱ्यापासून वीज मिळविण्याचे प्रयोग त्याआधी १८८७ मध्ये स्कॉटलंडमध्ये जेम्स ब्लाइथ यांनी आणि त्यानंतर अमेरिकेत चार्ल्स ब्रश यांनी केले होते. परंतु ते प्रामुख्याने त्यांच्या स्वतःच्या घरापुरते मर्यादित राहिले. ला कूर यांच्यासमोर प्रश्न होता तो सामान्य शेतकऱ्यांच्या गावाचा. सरकारी अनुदान मिळवून त्यांनी १८९१ मध्ये प्रायोगिक पवनचक्की उभी केली आणि तिला विद्यार्थ्यांच्या शिक्षणाचाही भाग बनविले.

पहिली अडचण वाऱ्याच्या लहरीपणाची होती. वारा कधी सुसाटतो, कधी मंदावतो. डायनामोला मात्र स्थिर गती लागते. यासाठी ला कूर यांनी ‘क्राटोस्टॅट’ नावाचे साधे नियंत्रक तयार केले. वजन टांगलेल्या दांड्यावर पट्ट्याचा ताण अशा रीतीने तोलला जाई, की वाऱ्याचा जोर प्रमाणाबाहेर वाढताच पट्टा घसरू लागे आणि जादा शक्ती डायनामोपर्यंत पोहोचत नसे. गावातील लोहाराला बनविता व दुरुस्त करता येईल, असेच हे यंत्र होते.

दुसरा प्रश्न साठवणीचा होता. वारा नसेल त्या दिवशी दिवे कसे लावायचे? त्या काळी बॅटऱ्या महाग होत्या. म्हणून ला कूर यांनी इटलीतील प्राध्यापक पोम्पेओ गारुती यांच्या पद्धतीचा आधार घेत विजेच्या साहाय्याने पाण्याचे हायड्रोजन व ऑक्सिजन या वायूंमध्ये विघटन केले. हे वायू टाक्यांत साठवून नळांद्वारे शाळेत नेण्यात आले. १८९५ ते १९०२ या काळात आस्कोव्ह विद्यालयाचे वर्ग वाऱ्यापासून मिळविलेल्या या वायूंच्या दिव्यांनी उजळत होते. हायड्रोजनची टाकी १२ घनमीटर क्षमतेची होती. तिच्यामुळे वारा पडला तरी शाळा अंधारात राहत नसे.

हा मार्ग धोक्याचा होता. हायड्रोजनमध्ये थोडासा ऑक्सिजन मिसळला तरी स्फोट होई. शाळेच्या खिडक्यांच्या काचा अनेकदा फुटल्या आणि पुन्हा बसवाव्या लागल्या. हायड्रोजनवर चालणारे इंजिन तयार करण्याचे त्यांचे प्रयत्नही सफल झाले नाहीत. अनेक वर्षांचे श्रम खर्ची पडल्यानंतरही हा मार्ग खेड्यापाड्यांतील सामान्य घरांसाठी योग्य नाही, हे मान्य करणे ला कूर यांना भाग पडले. त्यांनी तो हट्ट धरला नाही. बॅटऱ्या अधिक भरवशाच्या होताच ते त्यांकडे वळले. वारा मंदावताच डायनामो बॅटरीपासून आपोआप तोडणारी आणि वारा वाढताच पुन्हा जोडणारी कळही त्यांनी तयार केली. त्यामुळे रात्री-अपरात्री यंत्राजवळ माणूस बसवून ठेवण्याची गरज उरली नाही.

दरम्यान, १८९६ पासून त्यांनी पवनचक्कीच्या पात्यांचा पद्धतशीर अभ्यास सुरू केला होता. पंख्याने हवा सोडलेल्या मोठ्या नळकांड्यांत लहान प्रतिकृती ठेवून ते मोजमाप करीत. पात्याच्या पुढील बाजूवर पडणाऱ्या दाबाइतकेच मागील बाजूस निर्माण होणारे शोषण महत्त्वाचे असते, हे डॅनिश अभियंता इर्मिंगर यांच्या प्रयोगांतून दिसले होते. ला कूर यांच्या मापनांतून असे सिद्ध झाले, की पुष्कळ पात्यांच्या चक्रापेक्षा वेगाने फिरणारी मोजकी पाती अधिक कार्यक्षम असतात. बुंध्याशी अधिक तिरकी आणि टोकाकडे कमी तिरकी होत जाणारी चार पाती असलेली ‘आदर्श पवनचक्की’ त्यांनी सुचविली. १८९७ मध्ये आस्कोव्ह येथे अधिक मोठी प्रायोगिक पवनचक्की उभी राहिली आणि १९०० पासून या प्रयोगांचे अहवाल ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाले.

ग्रामीण वीजतंत्रज्ञांचा वर्ग

१९०२ साली आस्कोव्ह गावासाठी वीजकेंद्र सुरू झाले. पवनचक्की, बॅटऱ्या आणि वारा दीर्घकाळ पडल्यास चालविण्यासाठी एक इंजिन, अशी त्याची रचना होती. इतर गावांनी अनुकरण करावे, असा हा नमुना होता. त्यासाठी १९०३ मध्ये ‘डॅनिश पवन-वीज संस्था’ स्थापन करण्यात आली. गावकऱ्यांना आराखडे, खर्चाचा अंदाज आणि तांत्रिक सल्ला देणे हे तिचे काम होते.

तथापि, आराखडे दिले म्हणून वीज येत नाही. खांब रोवणारे, तारा ओढणारे, बॅटरीतील आम्ल तपासणारे आणि बिघाड झाल्यास त्याच दिवशी दुरुस्ती करणारे हात गावातच हवेत. शहरातील अभियंत्याची वाट पाहावी लागली, तर शेतकरी विजेवर विश्वास ठेवणार नाही. हे ओळखून ला कूर यांनी १९०४ साली आस्कोव्ह येथे ग्रामीण वीजतंत्रज्ञांसाठी स्वतंत्र अभ्यासक्रम सुरू केला. शेतकऱ्यांची आणि गावातील कारागिरांची मुले तेथे येत. काही महिने विजेचे शास्त्र व आवश्यक गणित शिकल्यानंतर त्यांना प्रत्यक्ष वीजकेंद्रांच्या उभारणीवर उमेदवारी करावी लागे. वर्गात शिकलेला नियम दुसऱ्या दिवशी तारेत, कळीत व डायनामोत पडताळून पाहता येत असे. लोकविद्यालयाच्या विस्तृत शिक्षणाला या व्यवसायशिक्षणाची जोड मिळाल्याने तयार होणारा तरुण केवळ तंत्रज्ञ न राहता गावातील जाणता नागरिक व्हावा, अशी अपेक्षा होती.

या पहिल्या विद्यार्थ्यांत योहानेस यूल नावाचा, अद्याप विशीही न गाठलेला एक मुलगा होता. त्याचे नाव पुढे साऱ्या जगाला परिचित व्हायचे होते.

ला कूर यांना मात्र हे पाहता आले नाही. २४ एप्रिल १९०८ रोजी, वयाच्या ६२ व्या वर्षी आस्कोव्ह येथे त्यांचे निधन झाले.

शिष्यांच्या हातून

त्यांच्या पश्चात काम थांबले नाही. ला कूर पद्धतीच्या पवनचक्क्या तयार करणारे कारखाने उभे राहिले. फ्यून बेटावरील लिक्केगोर हा कारखाना त्यांत प्रमुख होता. पहिल्या महायुद्धात इंधनाची टंचाई निर्माण झाली, तेव्हा या पवनचक्क्यांची मागणी वाढली. १९१८ पर्यंत डेन्मार्कमधील सुमारे १२० स्थानिक वीजकेंद्रांकडे पवनचक्क्या होत्या. त्यांतील बहुतेकांची क्षमता २० ते ३५ किलोवॅट होती. देशाच्या एकूण वीजवापरातील त्यांचा वाटा सुमारे ३ टक्के होता. नंतर स्वस्त इंधन आणि मोठी वीजकेंद्रे आल्यावर ही लहान केंद्रे मागे पडत गेली.

आस्कोव्हमधील तो विद्यार्थी, योहानेस यूल, पुढे वीज कंपनीत अभियंता झाला. निवृत्तीचे वय जवळ आलेले असताना तो आपल्या गुरूच्या विषयाकडे परतला. १९५७ मध्ये त्याने गेडसर येथे २०० किलोवॅट क्षमतेची, तीन पात्यांची पवनचक्की उभारली. प्रत्यावर्ती वीज थेट जाळ्याला देणारी ही चक्की १९६७ पर्यंत, जवळजवळ दहा वर्षे, फारशी देखभाल न करावी लागता चालली. १९७३ मध्ये तेलसंकट उद्भवल्यानंतर जगाचे लक्ष पुन्हा वाऱ्याकडे वळले, तेव्हा अमेरिकेची ‘नासा’ ही संस्था आणि डॅनिश संशोधक यांनी हीच पवनचक्की दुरुस्त करून तिची मोजमापे घेतली. क्रिस्टियान रीसागेर या सुतारासारख्या ग्रामीण कारागिरांनी यूल यांच्याच रचनेवरून लहान पवनचक्क्या बांधल्या. तीन पात्यांची ही ‘डॅनिश पद्धत’ आज जगभर रूढ आहे. १९९० च्या सुमारास डेन्मार्कच्या साहाय्याने गुजरात आणि तमिळनाडूत उभ्या राहिलेल्या प्रात्यक्षिक प्रकल्पांद्वारे ती भारतातही पोहोचली.

ला कूर कुटुंबाचा भारताशी आणखी एक संबंध आहे. त्यांचे पुत्र डॅन ला कूर हे नामवंत भूभौतिकशास्त्रज्ञ होते. पित्याने ज्या हवामान संस्थेचे उपसंचालकपद सोडले, तिचेच ते १९२३ मध्ये संचालक झाले. पृथ्वीचे चुंबकत्व मोजण्यासाठी त्यांनी तयार केलेली उपकरणे भारतातील वेधशाळांमध्येही वापरली गेली.

२०२३ साली डेन्मार्कच्या वीजवापरात पवनऊर्जेचा वाटा निम्म्याहून अधिक होता. आस्कोव्ह येथे प्रायोगिक पवनचक्कीच्या इमारतीत ला कूर यांचे संग्रहालय आहे. त्यांचे नियंत्रक, त्यांचा हायड्रोजन आणि त्यांची चार पाती आता इतिहासजमा झाली आहेत. खेड्यातील शाळेने तरुणांना ऊर्जेचे शास्त्र हाताळायला द्यावे आणि त्या तरुणांनी आपल्या गावाचा दिवा स्वतः लावावा व स्वतः दुरुस्त करावा, हा त्यांचा विचार मात्र जेथे जेथे ग्रामीण भागातील मुले शिक्षण संपताच शहराकडे वळतात, तेथे तेथे आजही तितकाच उपयोगाचा आहे.